काच मला कळते

...आणि वर ती मला विचारते, “काका, झूम किती हवाय?” झूम! मला! अहो, चौतीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवतोय मी, सकाळी दहापासून दिवे लागेपर्यंत हातात काचेशिवाय दुसरं काही धरलं नाही, आणि ही कॅमेऱ्याच्या दुकानातली बाई काउंटरमागे उभी राहून मला झूम विचारते. मी म्हटलं, बाई, पक्षी बघायच्या दुर्बिणीला झूम असतो का? तर म्हणते, असतो की, हे बघा ना, आणि कपाटातून एक काळंकुळकुळीत धूड काढून माझ्यासमोर ठेवलं, त्यावर सोनेरी अक्षरांत ‘दहा ते तीस’. मी ते हातातसुद्धा घेतलं नाही. नुसतं वाकून पुढच्या काचेत बघितलं, तर लालभडक! चांगल्या काचेवरचा मुलामा कसा असतो, हलका हिरवट, जांभळट, दिवा धरला तर दिव्याचं प्रतिबिंब विझत आल्यासारखं दिसतं... आणि हे लाल म्हणजे नुसता नट्टापट्टा. मी ते धूड एका बोटाने तिच्याकडे परत ढकललं आणि म्हटलं, “हे आत ठेवा. काच मला कळते.”

कळतेच, तुम्हाला सांगतो. यात फुशारकी नाही. माझ्या शर्टाच्या खिशात एक प्लॅस्टिकची पट्टी असते, वीतभर, शर्ट बदलला की पट्टी नव्या शर्टात जाते, लग्नाला गेलो तरी खिशात पट्टी. गिऱ्हाईक आलं, की पहिलं काम काय? फ्रेम दाखवणं? नाही! ते समोरच्या झगमगाटवाल्यांचं काम. आपलं पहिलं काम म्हणजे पट्टी नाकावर आडवी धरायची आणि डोळ्यांतलं अंतर घ्यायचं, या बाहुलीच्या मध्यापासून त्या बाहुलीच्या मध्यापर्यंत, मिलिमीटरमध्ये. कोणाचं त्रेसष्ट, कोणाचं अठ्ठावन्न, एका पैलवानाचं तर बहात्तर भरलं होतं. काचेचा मध्य त्या बाहुलीसमोर आला पाहिजे, नाहीतर तो चष्मा नाही, चेहऱ्यावरचं ओझं आहे. आणि लोक काय विचारतात? “ही फ्रेम मला शोभते का?” अरे, शोभेचं काय घेऊन बसलास, तुला दिसतंय का ते सांग! या गावातला निम्मा माणूस माझ्या पट्टीखालून गेलाय, आणि निम्म्या माणसांना अजून डावा डोळा कुठला ते सांगावं लागतं.

आमच्या धंद्यात एक होता, जुन्या बाजारात, त्याला आम्ही सगळे ‘अंदाजे’ म्हणायचो. का, तर तो पट्टीच वापरायचा नाही. गिऱ्हाइकाकडे एकदा बघायचा, मान तिरकी करायचा आणि लिहून टाकायचा, बासष्ट. बायका, बापये, शाळेतली पोरं, सगळे बासष्ट! आता दुकान बंद करून घरी बसलाय, पण त्याने बिघडवलेले डोळे मी अजून निस्तरतोय. त्याचा चष्मा हातात आला, की मी आधी टेबलावर ठेवून दोन मिनिटं नुसता बघतो, राग शांत होईपर्यंत. असो. अंदाजेचं नाव काढलं की माझी गाडी घसरते, आपण दुर्बिणीवर होतो.

तर दुर्बीण मला नको होती. मला काय करायचीय? दुर्बीण हवी होती आमच्या हिला. ही सत्तावीस वर्षं सरकारी कचेरीत टंकलेखक, गेल्या वर्षी निवृत्त झाली, आणि निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, नातेवाइकांकडे राहायला जातात, निदान भांडायला तरी लागतात. हिने काय केलं, तर घरामागच्या पायरीवर खुर्ची टाकली, मांडीवर वही घेतली आणि समोर जे हलेल ते लिहायला लागली. वही मी बघितलीय. तारीख, वेळ, सगळं टंकलेखकाच्या शिस्तीत. ‘दहा चाळीस. मुंग्या. डावीकडून उजवीकडे.’ आता मला सांगा, दहा चाळीसला मुंग्या गेल्या. गेल्या तर गेल्या! पुढे, ‘दहा बावन्न. त्याच मुंग्या परत.’ ‘अकरा वीस. टाकीच्या नळावर चतुर बसला. लाल. पंख खाली झुकवून.’ मी म्हटलं, अगं, चतुर कसाही बसेल, त्याला काय तुझ्या कचेरीत हजेरी लावायचीय? तर शांतपणे म्हणाली, “वेगवेगळे चतुर वेगवेगळे बसतात.” 

मग एक दिवस रात्रीच्या जेवणाला म्हणाली, “अहो, मागच्या वाळक्या झाडात सुतार पक्ष्याने घर केलंय. पिल्लं झालीत बहुतेक. आवाज येतो, पण भोकात काय चाललंय ते इथून नीट दिसत नाही. एक दुर्बीण घ्यावी म्हणते. फार महाग नको. पण जवळचंही दिसायला हवं, चतुर, मुंग्या, तसलं.” आणि मग जरा थांबून म्हणाली, “तीनेक आठवड्यांत उडून जातील ती पिल्लं.”

तुम्हाला सांगतो, एकोणतीस वर्षांत या बाईने तोंड उघडून मागितलेली ही पहिली वस्तू. साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही, संध्याकाळी कपाळ दुखतं म्हणून गोळीसुद्धा मागत नाही, स्वतःच ओलं फडकं बांधून पडते. मी आपला सांगत असतो, चहा कमी कर, चहाने होतं ते. तर अशी बाई दुर्बीण मागते, मग मी काय म्हणणार? मी म्हटलं, आणतो. आणि अशी आणतो, की गावात कोणाकडे नसेल. ती म्हणाली, मी येऊ का बरोबर? मी म्हटलं, तू कशाला दमतेस, तू पिल्लं सांभाळ. काच मला कळते.

आता पहिली चूक काय झाली, तर मी गावातल्या पक्षीमंडळात चौकशीला गेलो. रविवारी सकाळी सहा वाजता तळ्यावर पंधरा-वीस माणसं जमतात, सगळ्यांच्या अंगात मातकट रंगाचे कपडे, सगळ्यांच्या बनियनलासुद्धा खिसे असावेत इतके खिसे, आणि त्यांचा म्होरक्या एक निवृत्त बँक अधिकारी. त्याला मी ‘दहा-बाय’ म्हणतो. कारण त्याच्या पोटावर दहा बाय पन्नासची दुर्बीण विसावलेली असते आणि तो बोलतोच मुळी दहा बाय पन्नासपासून. दहा म्हणजे वस्तू दहापट जवळ दिसणार, पन्नास म्हणजे पुढच्या काचेची रुंदी. मला समजावतोय! मला! “आठ बाय बेचाळीस नवशिक्यांना ठीक आहे हो,” म्हणाला, “पण एकदा दहाची सवय लागली, की मग आठमध्ये मजा नाही.” मी म्हटलं, बघू. डोळ्याला लावली. तुम्हाला सांगतो, समोरचा बगळा असा थरथरत होता, मला वाटलं त्याला थंडी वाजून आलीय. बगळा नव्हता थरथरत, दहा-बायचा हात... म्हणजे माझा हात, कारण ते धूड किलोभराचं! दहापट जवळ आणलंत तर हाताचा कंपही दहापट होणार, हे बँकेत शिकवत नाहीत काय? आणि त्यातून जवळचं काय दिसतं, तर पंधरा फुटांच्या आतलं सगळं धुकं. मी विचारलं, मुंगी दिसेल का यातून? तर तो आणि त्याचे दोन खिसेवाले माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी देवळात चपला घालून शिरलोय. “आम्ही मुंग्या बघत नाही,” म्हणाला.

निघताना मात्र तो म्हणाला, “वहिनींनाच घेऊन या एखाद्या रविवारी, इथे दहा-बारा दुर्बिणी असतात, त्यांच्या हातात, डोळ्याला कुठली बसते ते कळेल.” मी हसलो. अहो, ज्याला कंप आणि बगळा यांतला फरक कळत नाही तो मला दुर्बीण कशी निवडायची ते सांगणार!

मग मी वाचन केलं. आठ दिवस. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं आणि मी फोनमध्ये डोकं घालून. लोकांनी काय काय लिहून ठेवलंय, विचारू नका. एकाने लिहिलंय, दुर्बीण छान आहे, पिशवीची चेन खराब, दोन तारे. दुसऱ्याने लिहिलंय, अजून उघडली नाही, पाच तारे! स्वस्तातल्या सगळ्या डबे आहेत, डोळ्याकडून थोडं मागे धरून बघितलं तर उजेडाचा गोल गोलच दिसायला हवा, यांच्यात चौकोनी दिसतो, म्हणजे आत लोलक हलका वापरलाय, हे उघड आहे. आणि महागातल्या अशा, की त्या किमतीत माणूस पंख लावून स्वतः झाडावर जाऊन बसेल. म्हणजे घ्यायची ती मधली. आणि मधलीत खरी मारामारी! कारण मधल्या किमतीत प्रत्येक कंपनी कुठे ना कुठे काटकसर करते, आणि ती कुठे केलीय हे सांगत नाही. एकीची मधोमध काच सुरेख, कडेला पुसट. दुसरीत उजेडासमोर कावळा धरला, की कावळ्याला जांभळी किनार. तिसरीचं सगळं उत्तम, पण चाक एवढं घट्ट, की फिरवेपर्यंत पक्षी दुसऱ्या गावी. हे सगळं मी एका चोपडीत उतरवलं, तक्ता केला, रकाने पाडले. आठ बाय बेचाळीस हे ठरलं. सहा फुटांवरचं दिसलं पाहिजे हे ठरलं. चष्मा लावून बघता यायला हवं, म्हणजे डोळा काचेपासून जरा लांब असला तरी अख्खा गोल दिसला पाहिजे, हे ठरलं, कारण आमची ही चष्मेवाली. बघा, तिचा चष्मासुद्धा लक्षात ठेवला होता मी! उगाच नाही म्हणत, काच मला कळते.

तोवर घरी वही चाललेलीच. ‘सात दहा. नर आला. चोचीत काहीतरी. काय ते दिसलं नाही.’ ‘सात सव्वीस. मादी. काय ते दिसलं नाही.’ पानभर आपलं दिसलं नाही, दिसलं नाही. मी म्हटलं, अगं, मला टोमणे मारायला वही केलीस का? तर म्हणाली, “नाही हो, जे झालं ते लिहिते.” आणि ही लांबचं बघताना एक डोळा मिटते, आधीपासूनची सवय. लग्नात माझी थोरली आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली होती, तुझी बायको मांडवात सगळ्यांना डोळा मारतेय. मीसुद्धा वर्षानुवर्षं चिडवत आलोय, कोणाला डोळा मारतेस गं सुतार पक्ष्याला? ती हसते. हसते आणि डोळा मिटूनच बघते.

मग मी त्या कॅमेऱ्याच्या दुकानात जायला लागलो. एकदा नाही, सहा वेळा. पहिल्या वेळची झूमची कहाणी सांगितलीच. दुसऱ्या वेळी तीन दुर्बिणी काढायला लावल्या आणि तिन्ही घेऊन फुटपाथवर उभा राहिलो, समोरच्या बँकेच्या भिंतीच्या विटा मोजत, कडेच्या विटा सरळ दिसतात की वाकड्या. बँकेचा रखवालदार मला मोजायला लागला. तिसऱ्या वेळी मेजरटेप नेली आणि माशी नेली.

हो, माशी. मेलेली. अहो, जवळचं किती जवळचं दिसतं हे तपासायचं तर समोर कीटक नको? आमच्याकडे काच येते ती कागदाच्या पाकिटात येते, तसल्या एका पाकिटात दुकानाच्या खिडकीतली एक माशी जपून ठेवली, पाय न मोडता. कॅमेऱ्याच्या दुकानात ती काउंटरच्या टोकाला पांढऱ्या कागदावर ठेवली, टेप जमिनीवर पसरली आणि लांबून एकेक पाऊल पुढे सरकत गेलो. सात फूट, सहा फूट, साडेपाच... एकीतून साडेपाच फुटांवर माशीच्या पंखाच्या शिरा दिसल्या, तुम्हाला सांगतो, काळजाला थंडावा आला. तेवढ्यात एक बाई कॅमेरा घ्यायला आल्या, त्यांनी माशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि त्या गेल्या. काउंटरवालीने नुसतं काउंटर पुसून घेतलं. पाचव्या वेळी मात्र मी पाकीट काढल्याबरोबर म्हणाली, “काका, माशी नेहमीच्या जागी ठेवू का?” कुजकटपणाच! आणि मग म्हणते, “कोणासाठी घेताय तुम्ही? काकूंसाठी ना? त्यांना एकदा घेऊन या ना. ज्यांनी बघायचं त्यांनी बघून घेतलेलं बरं असतं.”

बघा, पुन्हा तेच! दहा-बाय तेच बोलला, ही तेच बोलते, अडाण्यांचं एकमत कसं पटकन होतं! मी तिला म्हटलं, बाई, माझ्याकडे चौतीस वर्षांत निम्मं गाव डोळे घेऊन आलं. मी कोणाला सांगितलं का, की तुम्हीच बघा आणि तुम्हीच ठरवा? काच मला कळते.

तिकडे पिल्लांनी भोकातून डोकी बाहेर काढायला सुरुवात केली. हे मला हिने सांगितलं नाही, वहीत वाचलं. ‘सहा पन्नास. भोकात तीन डोकी असावीत. दोन असतील.’ दुसऱ्या दिवशी, ‘आज एकच डोकं. बाकीची उडाली की आत आहेत कळत नाही.’ त्याखाली काही नव्हतं, नुसती रेघ ओढलेली. ती रेघ बघितली आणि मी माझी चोपडी मिटून ठेवली. म्हटलं, एका बाईने एक वस्तू मागितली आणि आपण तक्ते करत बसलोय, मधल्या मध्ये पिल्लं जायची. सकाळी दुकान उघडलंच नाही, तडक कॅमेऱ्याच्या दुकानात, शटर वर जायच्या आधी दारात उभा. साडेपाच फूटवाली घेतली. तिच्याबरोबरचा कागद तिथेच उभ्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, वजन, पाणी लागलं तर काय, डोळ्यांतलं अंतर साठ ते पंचाहत्तर, पट्टा कसा लावायचा, सगळं. स्वतःच्या डोळ्यांना लावून बिजागरी उघडमीट करून बघितली. माझं सहासष्ट. झकास. माशी यावेळी नेली नव्हती.

घरी आलो, ही पायरीवर. मी खोकं उघडलं नाही, तिलाच उघडायला लावलं. तिने पट्टा हळू सोडवला, दुर्बीण दोन्ही हातांत धरली, चेहरा असा उजळला की काय सांगू. झाडाकडे धरली. बघितलं. खाली घेतली. परत धरली. म्हणाली, “छान आहे हो.” आणि एक डोळा मिटून बघायला लागली.

माझं टाळकंच फिरलं. तीन आठवडे! मी म्हटलं, अगं, दुर्बीण आहे ती, दोन नळ्या आहेत, दोन डोळ्यांनी बघ. म्हणाली, दोन डोळ्यांनी काळं येतं मध्ये, दोन गोल दिसतात. मी म्हटलं, दिसणारच, तुला धरताच येत नाही, इकडे आण. बिजागरी मिटवली. परत दिली. “अजून मिटवा.” अजून मिटवली. “अजून.” अजून मिटत नाही, टेकली ती, संपली. “मग राहू दे,” म्हणाली, “मी आपली एका नळीतून बघते,” आणि बघायला लागली. मग बारीक आवाजात बोलायला लागली, अहो, आहे एक आत. डोक्यावर लाल आहे थोडं. ते बघतंय. ते खाली बघतंय... आणि ते पिल्लू तिच्यासमोर भोकाच्या काठावर आलं, थांबलं आणि गेलं. शेवटचं होतं. दुर्बीण खाली केली तर हिच्या डोळ्यांत पाणी, दोन्ही डोळ्यांत. म्हणाली, “एका डोळ्याने का होईना, बघितलं.”

आणि मी बघत होतो बिजागरीकडे. साठला टेकलेली बिजागरी, आणि हिला अजून मिटायला हवी. तुम्हाला सांगतो, माझा हात आपोआप खिशात गेला. पट्टी काढली. म्हटलं, जरा समोर बघ. हिने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, हलू नकोस. पट्टी नाकावर आडवी धरली. चोपन्न. पुसून परत धरली. चोपन्न. आत जाऊन दुसरी पट्टी आणली, स्टीलची, ती धरली. चोपन्न.

मग मला एकदम आठवलं, की ही पट्टी मी या नाकावर आज पहिल्यांदा ठेवतोय.

कसं झालं सांगतो. लग्न नवीन होतं. हिला एक नवा चष्मा करून द्यायचा, न सांगता, माझ्या हातची पहिली भेट. मग मोजायचं कसं? नव्या नवरीला खुर्चीवर बसवून नाकावर पट्टी ठेवायची? लाजही वाटली, खोटं कशाला बोलू. म्हणून ही अंघोळीला गेली तेव्हा टेबलावरचा हिचा जुना चष्मा घेतला, त्याच्यावरून अंतर काढलं, कार्डावर लिहिलं. पुढे काचा बदलल्या, नंबर वाढला, फ्रेमी बदलल्या, अकरा चष्मे केले मी हिचे, आणि दर वेळी तेच कार्ड काढायचं आणि तेच अंतर. मी तसाच उठून दुकानात गेलो, कपाट उघडलं, हिचं कार्ड काढलं. सगळ्यात जुनं कार्ड, कडा पिवळ्या. माझंच अक्षर. बासष्ट.

आता तुम्हीच सांगा, हिचा तो माहेरचा जुना चष्मा कोणी केला असेल? विचारू नका. मीही तिला विचारलं नाही. नंतर तिनेच आपणहून सांगितलं, जुन्या बाजारात एक होते, मान तिरकी करून बघायचे.

म्हणजे एकोणतीस वर्षं, अंदाजेचं माप, माझ्या हाताने, माझ्या दुकानातून, माझ्या बायकोच्या डोळ्यांवर! काचेचा मध्य एकीकडे आणि बाहुली दुसरीकडे, दोन्ही डोळे दिवसभर ओढाताण करून जुळवून घेणार, दिवसभर टंकलेखन करणार, आणि संध्याकाळी कपाळ ठणकणार नाही तर काय होणार? म्हणून ती एक डोळा मिटायची, कारण एका डोळ्याला जुळवून घ्यावं लागत नाही. मांडवातसुद्धा. आणि मी म्हणायचो, डोळा कोणाला मारतेस. मी म्हणायचो, चहा कमी कर. हिने चहा खरंच कमी केला हो. अर्धा कप घेते, वर्षानुवर्षं. तो अर्धा कप डोळ्यांसमोर आला आणि मी कार्डावरचं बासष्ट खोडून चोपन्न लिहिलं. लाज म्हणतात ती ही, बाकी आयुष्यभर मी ज्याला लाज म्हणत होतो तो नुसताच संकोच होता.

घरी येऊन सगळं सांगितलं. म्हटलं, बोल काय बोलायचं ते. तिने मांडीवरची वही मिटली. मग म्हणाली, “मला वाटायचं सगळ्यांचंच दुखतं. तुम्ही केलेला चष्मा, म्हणजे बरोबरच असणार.” एवढंच. अहो, त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून कॅमेऱ्याच्या दुकानात. मी मागे उभा. काउंटरवाली काही म्हणजे काही बोलली नाही, हे तिचं मी मानतो, फक्त माझ्याकडे एकदा बघितलं आणि हिला म्हणाली, काकू, या. खालच्या कप्प्यातून एक छोटी काढली, आठ बाय तीसची, मधे दोन बिजागऱ्या, मिटत मिटत पन्नासपर्यंत जाते. किमतीला मी आणलेल्या दुर्बिणीपेक्षा कमी, आणि माझ्या तक्त्यात ती नव्हतीच, कारण बेचाळीसच्या खालचं मी बघितलंच नव्हतं, तुच्छ म्हणून. आमच्या हिने डोळ्याला लावली, दोन्ही डोळे उघडे. काउंटरच्या टोकाकडे बघितलं. तिथे एक माशी बसली होती, जिवंत, नेहमीच्या जागी. “अहो,” म्हणाली, “हात धुतल्यासारखे पाय चोळतेय.” संपलं. सगळं मिळून चार मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं.

चष्माही केला, बारावा, चोपन्नवर. महिना झाला, हिचं कपाळ दुखलेलं नाही. संध्याकाळी दोन डोळे उघडे ठेवून पायरीवर बसते, मोठा कपभर चहा घेऊन. वहीत ‘दिसलं नाही’ लिहायचं बंद झालंय, आता पानंच्या पानं मुंगीच्या मिश्यांपासूनचे तपशील. आणि मी? मी रोज दुकान बंद केल्यावर कपाट उघडून बसतो. चौतीस वर्षांची कार्डं. ज्यांच्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘जु. च.’ लिहिलंय ती वेगळी काढतो, म्हणजे जुन्या चष्म्यावरून घेतलेली, म्हणजे घाई होती म्हणून, ओळखीचे होते म्हणून, लाज वाटली म्हणून. एकशे त्र्याहत्तर निघालीत, अजून दोन खण बाकी आहेत. एकेकाला फोन करून बोलावतो, या हो, जरा अंतर घ्यायचंय. लोक विचारतात, का, काय झालं? मी म्हणतो काही नाही, तपासणी. काच मला... बरं, जाऊ दे.

आणि तुम्हाला सांगतो, ती बारीक अक्षरं वाचून वाचून रोज संध्याकाळी माझं कपाळ असं ठणकतं, की ओलं फडकं बांधून पडावं लागतं. काल हिला म्हटलं, अगं, फार दुखतंय गं, काय करू? तिने दुर्बीण खाली घेतली नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून टाकीवरच्या चतुराकडे बघत म्हणाली, “चहा कमी करा.”